संग्रही असावीत अशी जॅझ ध्वनिमुद्रणे

मंद्रसप्तक

जॅझ मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे, पण ते मिळेल तसे आणि मिळेल तेव्हा. आता मात्र ठरवून एक छोटा संग्रह करावा असे मनात आहे आणि छोटा म्हणजे दहाच ध्वनिमुद्रिकांचा. इतिहासात महत्त्वाची मानली जाते एवढ्याच कारणासाठी एखादी तबकडी आणायची आणि तिच्यावर धूळ साचू द्यायची, हे मला नको आहे. जी पुन्हा पुन्हा काढून ऐकावीशी वाटते, आणि जिच्यात घडले ते त्याच वादकांच्या हातून अन्यत्र तसे घडलेले नाही, अशीच ध्वनिमुद्रिका सुचवावी आणि सोबत कारणही लिहावे, ही विनंती. नुसत्या नावांच्या याद्यांना तोटा नाही.

सुरुवात मीच करतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' सर्वांच्याच यादीत पहिली असते, तरीही तिला वगळण्याचे धाडस माझ्यात नाही. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कमधल्या पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत ती मुद्रित झाली. 'सो व्हॉट'मध्ये पियानो आणि बास यांचे संथ प्रास्ताविक संपते, बास मुख्य सुरावट मांडतो, बाकीची वाद्ये तिला दोन झटक्यांत उत्तर देतात आणि माइल्सचे वादन सुरू होताना ड्रमवादक जिमी कॉब झांजेवर एक जोरकस आघात करतो. तो प्रमाणाबाहेर मोठा झाला असे प्रथम वाटते. पण त्याची आस हळूहळू विरत जाते आणि त्या विरत्या नादावर ट्रम्पेट सावकाश पाय ठेवतो. एवढ्या एका क्षणासाठी मी ही रचना कितीही वेळा ऐकू शकतो.

सुईवाला

निवड उत्तम आहे, पण कोणती आवृत्ती घ्यावी हेही सांगायला हवे होते. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित मंद गतीने फिरत होते. त्यामुळे ती टेप योग्य गतीने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या ऐकू येतात. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली सुरक्षा-प्रत योग्य गतीची होती, आणि तिच्यावरून १९९० च्या दशकातल्या पुनर्प्रकाशनांत ही त्रुटी दूर करण्यात आली. म्हणजे तीस-एक वर्षे जगभरचे विद्यार्थी या तबकडीबरोबर वाजवायला बसत आणि आपलेच वाद्य उतरले आहे असे समजून ते पुन्हा जुळवत.

निशाचर

पहिल्याच प्रतिसादात टेपयंत्राची गती निघाली आहे, तेव्हा हा धागा शंभरी गाठणार हे निश्चित समजावे.

खर्ज

दहाच्या मर्यादेत निवड करायची असेल, तर यादीपेक्षा साथीदारांचा माग काढणे अधिक फलदायी ठरते, असा माझा अनुभव आहे. वेष्टणाच्या मागच्या बाजूला छापलेली वादकांची नावे नीट वाचावीत आणि ज्याचे वादन मनात राहिले, त्याच्या नावावरून पुढची ध्वनिमुद्रिका शोधावी. 'काइंड ऑफ ब्लू'मधला बासवादक पॉल चेंबर्स हेच उदाहरण घ्या. तो सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'मध्ये आहे आणि 'जायंट स्टेप्स'मध्येही आहे. या तिन्ही एकापाठोपाठ ऐकल्या, तर एकच माणूस माइल्सच्या मोकळ्या जागेत कसा वाजवतो आणि 'जायंट स्टेप्स'च्या भरधाव बदलणाऱ्या स्वरसंगतींखाली कसा वाजवतो, हे आपोआप लक्षात येते.

त्याच वाटेने 'काइंड ऑफ ब्लू'मधल्याच पियानोवादक बिल एव्हान्सपर्यंत जावे. २५ जून १९६१ या रविवारी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये त्याच्या त्रयीने दुपारी आणि रात्री मिळून जे वाजवले, त्यातून 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. बासवादक स्कॉट लफारो येथे ठेका धरून मागे उभा राहत नाही. तो पियानोच्या वाक्यात स्वतःचे वाक्य मिसळतो, कधी त्याला अडवतो, तर कधी त्याच्या पुढे निघून जातो. पॉल मोटियन ब्रशने ड्रम्सवर इतके कमी वाजवतो की लय प्रत्यक्ष वाजण्यापेक्षा गृहीत धरलेलीच अधिक असते. अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेला. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. मंद्रसप्तक यांची दुसरी अट या ध्वनिमुद्रणाइतकी दुसरे कोणतेही पूर्ण करत नसेल.

गुणगुण

खर्ज यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालते. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'मध्ये पेल्यांची किणकिण, कोणाचे तरी हसणे आणि मागच्या टेबलांवरच्या गप्पा सतत ऐकू येतात. पूर्वी मला त्याचा राग येत असे, कारण इतके नाजूक वादन चालू असताना माणसे बोलतात तरी कशी, असे वाटे. आता मात्र ती किणकिण काढून टाकलेली आवृत्ती कोणी दिली, तरी मी ती घेणार नाही.

शेलॅक

आतापर्यंतच्या प्रतिसादांत १९५७ च्या अलीकडच्याच ध्वनिमुद्रिका आल्या आहेत. जॅझचे पहिले ध्वनिमुद्रण १९१७ साली निघाले. मधली चाळीस वर्षे काय झोपेत गेली?

संग्रहात पहिली जागा लुई आर्मस्ट्राँगच्या 'हॉट फाइव्ह' आणि 'हॉट सेव्हन' या संचांच्या १९२५ ते १९२८ मधल्या ध्वनिमुद्रणांना मिळायला हवी. दीर्घवादन तबकडी तेव्हा नव्हती, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि त्या तीन मिनिटांत सारे सांगून मोकळे व्हावे लागे. १९२८ च्या 'वेस्ट एंड ब्लूज'चा आरंभ ऐकावा. कोणतीही साथ नाही, ठेका नाही, एकटा ट्रम्पेट चार ठाशीव स्वर उच्चारतो, मग वर झेपावतो आणि एका दमात खाली उतरतो. पुढे आर्मस्ट्राँग शब्दांवाचून गातो, अर्ल हाइन्सचा पियानो येतो, आणि शेवटच्या आवर्तनात आर्मस्ट्राँग एकच उंच स्वर इतका लांब धरून ठेवतो की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडतो. एकट्या वादकाची कल्पनाशक्ती हीच या संगीताची खरी मालमत्ता आहे, हे या ध्वनिमुद्रणांनी दाखवून दिले.

चौकस

शेलॅक यांचा प्रतिसाद वाचून ती ध्वनिमुद्रणे लगेच ऐकली. मी या विषयात नवा आहे, त्यामुळे प्रामाणिकपणे विचारतो. खरखर इतकी आहे, ड्रम्स जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि बास असल्याचे तर मानूनच चालावे लागते. अशा ध्वनिमुद्रणाचा आनंद घ्यायला कान वेगळे तयार करावे लागतात का?

शेलॅक

कान तयार करावे लागत नाहीत, फक्त आवृत्ती बरी निवडावी लागते. खरखर पूर्णपणे घालवणाऱ्या काही आवृत्त्यांत खरखरीबरोबर ट्रम्पेटची धारही गेलेली असते, म्हणून थोडी खरखर शिल्लक ठेवणारी आवृत्ती घ्यावी. शिवाय सलग तासभर ऐकू नये. ही ध्वनिमुद्रणे एका वेळी एक बाजू अशी ऐकण्यासाठीच केलेली होती. दोन रचना ऐकाव्यात आणि थांबावे.

या काळाबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. १९४२ पासून सुमारे दोन वर्षे अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने व्यावसायिक ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता. नेमके त्याच काळात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि त्यांचे सहकारी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडवत होते. त्यामुळे त्या शैलीचे घडणे तबकडीवर फारसे उतरलेच नाही, आणि नोव्हेंबर १९४५ मधले पार्करचे 'को-को' एकदम पूर्ण वाढलेल्या रूपात आपल्यासमोर येते. पार्करची त्या वर्षांतली सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठीची ध्वनिमुद्रणे घ्यावीत. पण एकाच रचनेचे सगळे प्रयत्न ओळीने लावलेला संच पहिल्यांदा घेऊ नये. अर्धवट सोडलेले तीन प्रयत्न आणि मग चौथा पूर्ण, असे ऐकत बसणे हे अभ्यासकाचे काम आहे.

तिरकीट

पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या 'टाइम आउट'चे (१९५९) नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. 'टेक फाइव्ह' पाच मात्रांत आहे, आणि 'ब्लू राँडो आ ला तुर्क'मध्ये नऊ मात्रांची विभागणी दोन, दोन, दोन, तीन अशी केली आहे. तो ठेका ब्रुबेकने तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. विषम मात्रांचे ताल ज्यांच्या अंगवळणी आहेत, त्यांना यात चमत्कार वाटणार नाही. पण 'टेक फाइव्ह'मध्ये पियानो शेवटपर्यंत तोच ठेका धरून ठेवतो, आणि त्यावर ड्रमवादक जो मोरेलो जे मौन पाळतो, ते कोणत्याही तालवादकाने ऐकावे असे आहे. तो भरून काढण्याऐवजी जागा सोडत जातो आणि एखादाच आघात अनपेक्षित ठिकाणी टाकतो.

अनवट

'टाइम आउट' गोड आहे, ऐकायला सोपी आहे, आणि म्हणूनच दहांत तिला जागा नसावी. ती आपोआप कानावर पडते. संग्रहात ठेवावी लागत नाही. त्याच १९५९ सालची सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची 'द शेप ऑफ जॅझ टू कम' घ्यावी. तिच्यात पियानो नाही, त्यामुळे स्वरसंगतीची चौकटही नाही. 'लोन्ली वुमन'मध्ये बिली हिगिन्स द्रुत लयीत झांज वाजवत असतो, चार्ली हेडनचा बास स्वतःच्या वेगळ्या गतीने गंभीरपणे चालतो, आणि त्या दोघांवर कोलमन व डॉन चेरी एक अतिशय संथ विलाप ओढत नेतात. एकाच वेळी धाव आणि ठहराव असे दोन्ही ऐकू येतात. हे कळायला काही काळ जावा लागतो, आणि तेवढा काळ देण्यासाठीच तर तबकडी घरात असावी लागते.

निशाचर

अनवट यांचा नियम लावला, तर संग्रहात केवळ न आवडणारी ध्वनिमुद्रणेच ठेवता येतील, आणि मग तबकड्या अगदी कोऱ्या राहतील.

तिरकीट

सोपे म्हणजे हलके, हा अर्थ मला मान्य नाही. 'टेक फाइव्ह' पॉल डेसमंडची रचना आहे, आणि त्याचा सॅक्सोफोन ऐकताना प्रत्येक वाक्य आधी लिहून काढले असावे इतके नेटके वाटते. असे वाजवणे किती अवघड असते, हे वाजवणाऱ्यांना विचारावे. अवांतर म्हणून सांगतो की या रचनेचे मानधन त्याने मृत्युपत्राद्वारे अमेरिकन रेड क्रॉसला दिले.

विलंबित

या वादात न पडता कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' सुचवतो. ९ डिसेंबर १९६४ रोजी रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत ती मुद्रित झाली. पहिल्या भागात बास चार स्वरांचा एक तुकडा वाजवतो. त्या भागाच्या शेवटाकडे कोल्ट्रेन तोच तुकडा एकामागून एक बाराही स्वरांवर नेऊन वाजवतो, आणि मगच 'अ लव्ह सुप्रीम' हे शब्द प्रत्यक्ष उच्चारले जातात. चौथ्या भागात तो वेष्टणावर छापलेली स्वतःची प्रार्थना सॅक्सोफोनवर अक्षरशः म्हणतो. ती छापील प्रार्थना हातात धरून, शब्दामागून शब्द वाचत हा भाग ऐकावा. कोणत्या ओळीला श्वास घेतला आहे तेही कळते. केवळ डिजिटल प्रत घेणाऱ्यांच्या हाती हा कागद अनेकदा येत नाही, म्हणून वेष्टणासह असलेली तबकडी घ्यावी असे माझे मत आहे.

सुईवाला

विलंबित यांनी व्हॅन गेल्डरचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. हा गृहस्थ मूळचा दृष्टी तपासून चष्मे देणारा. १९५९ मध्ये स्वतःचा स्टुडिओ बांधण्यापूर्वी तो आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत असे, आणि ब्लू नोट कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या कितीतरी ध्वनिमुद्रिका त्या दिवाणखान्यातल्याच आहेत. जुन्या तबकडीवर लेबल आणि शेवटची रेघ यांच्यामधला गुळगुळीत पट्टा दिव्याखाली तिरपा धरून पाहावा. तिथे 'आरव्हीजी' किंवा त्याचे पूर्ण आडनाव दिसले, तर त्या तबकडीची मूळ कापणी, म्हणजे टेपवरून पहिल्या तबकडीवर रेघा कोरण्याचे काम, त्याने स्वतः केले आहे असे समजावे. जुनी तबकडी विकत घेताना वेष्टणाच्या स्थितीपेक्षा मी आधी हे पाहतो.

रेघोटी

येथे बहुतेक जण प्रत्यक्ष मैफिलीचे ध्वनिमुद्रण अधिक खरे मानत आहेत, असे दिसते. मला त्याबद्दल शंका आहे. वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनची 'एलिंग्टन अॅट न्यूपोर्ट' घ्या. जुलै १९५६ मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्व्हिसने 'डिमिन्युएन्डो अँड क्रेसेंडो इन ब्लू'च्या मधल्या जागेत प्रत्येकी बारा मापांची (बार्स) सत्तावीस आवर्तने सलग वाजवली, श्रोते खुर्च्यांवरून उठून नाचू लागले आणि एलिंग्टनच्या कारकिर्दीला नवे वळण मिळाले, हे सारे खरे आहे. पण त्या वर्षी निघालेल्या तबकडीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि त्यावर टाळ्या चढवल्या होत्या. गोन्साल्व्हिस तर चुकून दुसऱ्याच, म्हणजे 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीच्या मायक्रोफोनसमोर उभा राहून वाजवत होता, म्हणून कंपनीच्या टेपवर तो दूर गेल्यासारखा ऐकू येतो. नभोवाणीची ती टेप पुढे सापडली आणि दोन्ही टेप जुळवून १९९९ मध्ये खरी मैफल प्रसिद्ध झाली.

टोरंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ ची मैफलही तशीच. पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच एका मंचावर होते. करारामुळे पार्करचे नाव तबकडीवर 'चार्ली चॅन' असे छापावे लागले. आणि मिंगसने आपला बास नीट मुद्रित झाला नाही म्हणून नंतर स्टुडिओत तो पुन्हा वाजवून त्यावर चढवला. उलट स्टुडिओतली पियानोवादक थेलोनियस मंकची 'ब्रिलियंट कॉर्नर्स' पाहा. तिची शीर्षक रचना इतकी अवघड होती की पंचवीस प्रयत्नांनंतरही सलग पूर्ण वादन मिळाले नाही, आणि शेवटी तुकडे जोडून ती तयार करावी लागली. तरीही ती ऐकताना जोड खटकत नाही. खटकते ती मंकची रचनाच, आणि ती खटकावी अशीच आहे. एका आवर्तनात संथ, पुढच्यात दुप्पट लय, आणि दोन्हीकडे तेच कोनाकोनांचे स्वर.

शेलॅक

रेघोटी यांची माहिती योग्य आहे, पण निष्कर्ष पटत नाही. मंकचे तुकडे वादकांनी स्वतः वाजवलेले आहेत आणि रचना पूर्ण व्हावी म्हणून जोडलेले आहेत. न वाजलेल्या टाळ्या चढवणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिले काम संपादनाचे आहे आणि दुसरे बनावटीचे. मैफलीतला मंक हवा असेल, तर कार्नेगी हॉलमधले २९ नोव्हेंबर १९५७ चे कोल्ट्रेनसह झालेले वादन घ्यावे. त्याच्या टेप लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होत्या आणि २००५ मध्ये त्या सापडल्या. त्यात काहीही चढवलेले नाही.

रेघोटी

मग माइल्सच्या 'बिचेस ब्रू'चे काय करायचे? ऑगस्ट १९६९ मध्ये तीन दिवस वादकांनी वाजवले आणि निर्माता टिओ मसेरोने टेप कापून, जोडून, काही तुकडे पुन्हा पुन्हा वापरून तिला आकार दिला. आपण ऐकतो तो क्रम कोणत्याही खोलीत कोणीही वाजवलेला नाही. तरीही संग्रहातून ती काढायला मी तयार नाही.

शेलॅक

ती माझ्या संग्रहात नाहीच, त्यामुळे काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

गुणगुण

पुरुषांच्या फुंकवाद्यांची ही झटापट थोडी थांबवून कोणीतरी गायिकांचे नाव घ्यावे, याची मी वाट पाहत होते. बिली हॉलिडेची १९३० च्या दशकातली, पियानोवादक टेडी विल्सन आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्यासह झालेली ध्वनिमुद्रणे संग्रहात हवीतच. लेस्टर तिच्या ओळींमागून असा वाजवतो की दुसरे कोणी तिच्या मनातलेच बोलते आहे असे वाटावे. १९३९ चे 'स्ट्रेंज फ्रूट' मात्र वेगळे ठेवावे. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरचे ते गीत मुद्रित करायला तिच्या नेहमीच्या कंपनीने नकार दिला, तेव्हा ते कमोडोर या छोट्या कंपनीने काढले. ते केव्हाही लावावे असे नाही.

मन हलके करायचे असेल, तेव्हा एला फिट्झजेराल्डची १९६० ची बर्लिनची मैफल लावावी. 'मॅक द नाइफ' गाताना ती मध्येच शब्द विसरते, विसरल्याचे गाण्यातच सांगते, तालात राहून नवे शब्द रचत जाते आणि वर आर्मस्ट्राँगची नक्कलही करते. रेघोटी, ही चूक कोणी स्टुडिओत दुरुस्त केली नाही, हे लक्षात घ्यावे.

चौकस

हे सर्व वाचून एक शंका येते. १९७० नंतर जॅझ वाजवणे बंद झाले का?

खर्ज

अजिबात नाही. कीथ जॅरेटची 'द कोल्न कॉन्सर्ट' २४ जानेवारी १९७५ ची आहे. मंचावर मागितलेला पियानो आलाच नाही. आला तो लहान, नीट न जुळवलेला, वरचे स्वर बोचरे आणि खालचे पोकळ असलेला. म्हणून जॅरेट बराच वेळ मधल्या सप्तकात राहिला आणि डाव्या हाताने छोटे तुकडे घोळवत राहिला. त्या घोळवण्याचीच पुढे जगाला भुरळ पडली. याहून अलीकडचे हवे असेल, तर वेन शॉर्टरच्या चौकडीची 'फूटप्रिंट्स लाइव्ह' (२००२) घ्यावी. चौघेही मुख्य सुरावट जवळजवळ टाळतात आणि तरीही ती सतत मनात वाजत राहते.

विलंबित

अॅलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद' (१९७१) राहू नये. तानपुऱ्यावर हार्प आणि फेरो सँडर्सचा सॅक्सोफोन, एवढ्या वर्णनावरून भडक प्रकार वाटेल, परंतु सेसिल मॅकबीच्या बासने तो सारा डोलारा जमिनीवर घट्ट धरून ठेवला आहे.

अनवट

एलिंग्टनचीच निवड करायची असेल, तर न्यूपोर्टऐवजी १९६६ च्या अखेरीस मुद्रित झालेली 'फार ईस्ट सूट' घ्यावी. १९६३ च्या दौऱ्यातल्या देशांवरून ती सुचली. त्यांतले बहुतेक देश 'फार ईस्ट'मध्ये मोडतच नाहीत, पण शीर्षकाला भूगोलाची परीक्षा द्यावी लागत नाही. 'ब्लूबर्ड ऑफ डेल्ही'मध्ये जिमी हॅमिल्टनचे क्लॅरिनेट मैना होऊन मध्येमध्ये बोलत राहते, आणि 'इस्फहान'मध्ये जॉनी हॉजेसचा एकेक स्वर घसरत, रेंगाळत असा उतरतो की अनवटपणाचा माझा आग्रह मी तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवतो.

तिरकीट

अनवट यांना एखादी गोष्ट गोड असूनही चालली, याची येथे नोंद व्हावी.

मंद्रसप्तक

सर्वांचे आभार. सध्या निश्चित केलेल्या ध्वनिमुद्रिका अशा: गती दुरुस्त केलेली 'काइंड ऑफ ब्लू', आर्मस्ट्राँगची १९२५ ते १९२८ ची निवडक ध्वनिमुद्रणे, लेस्टर यंगसह बिली हॉलिडे, 'वॉल्ट्झ फॉर डेबी', छापील प्रार्थनेसह 'अ लव्ह सुप्रीम', 'ब्रिलियंट कॉर्नर्स', 'द शेप ऑफ जॅझ टू कम' आणि 'फार ईस्ट सूट'. 'बिचेस ब्रू' मला आवडते, पण मी ती पुन्हा पुन्हा काढणार नाही, म्हणून वगळली. 'टाइम आउट'बाबत अनवट यांच्यापेक्षा तिरकीट यांचे म्हणणे अधिक पटले, त्यामुळे तीही घेत आहे. एक जागा उरली आहे, आणि तिच्यासाठी मिंगसच्या 'मिंगस आह अम'चा विचार चालू आहे, कारण लेस्टर यंगच्या निधनानंतर रचलेले 'गुडबाय पोर्क पाय हॅट' तिच्यात आहे.

सुईवाला

'मिंगस आह अम' अवश्य घ्यावी, पण १९५९ च्या मूळ तबकडीवर काही रचना कापून लहान केल्या होत्या, त्या पुढच्या आवृत्त्यांत पूर्ण लांबीच्या मिळतात. खरेदीपूर्वी रचनांची मिनिटे तपासून पाहावीत.

रेघोटी

कापलेलीच घ्यावी. लहान केलेली आवृत्ती अधिक नेटकी आहे, आणि शेलॅक यांनी वर संपादनाला मान्यता दिलेलीच आहे.

शेलॅक

ती मान्यता एका रचनेपुरती होती.